डाव्या मुठीतला माल

जेचन, दक्षिण कोरिया, २० ऑगस्ट १९८१

मीरानच्या बाबांना,

"गरम जमीन देईन. माझ्या हातची." मला बघायला आला होतात तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं होतं, "गवंड्या, पोरीला देशील काय?" आणि तुम्ही तेवढंच म्हणालात. म्हणताना तळहात आमच्या जमिनीवर टेकवलेला होता, जणू तिचा ताप बघत होतात. मी दाराआडून आधी तो हात पाहिला. चेहरा नंतर पाहिला.

ते वाक्य आज का आठवलं ते सांगते. पण आधी हे, की सगळे बरे आहेत. एवढं नीट वाचा आणि मगच पुढे जा.

गेल्या आठवड्यात पावसाची झड लागली होती. कपडे वाळेनात, गाद्यांना वास येऊ लागला, म्हणून आई म्हणाल्या, जमिनीखालच्या चुलीत कोळशाची एक वडी पेटव, खोली कोरडी होईल. पेटवली. सकाळी मीरान उठली ती उंबऱ्यातच ओकली. आईंना हाक मारली तर त्या ओ देईनात. मी आणि शेजारच्या दान्यांगवालीने त्यांना गोधडीसकट ओढत अंगणात आणलं आणि वायू चढला की देतात तसं मुळ्याच्या किमचीचं आंबट, गार पाणी तोंडात घातलं. दुसऱ्या वाटीला त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "मीठ जास्त पडलंय." दान्यांगवाली हसता हसता रडायलाच लागली.

नंतर मी उबेच्या कोपऱ्यातला, जमिनीवर डकवलेला तेलकागद उचलून पाहिला. आई झोपतात आणि तुम्ही इथे नसतानाही रोज तुमच्या भाताचा वाडगा उबेला गोधडीखाली ठेवतात, तोच कोपरा. जमिनीला इतकी रुंद भेग गेली आहे की माझ्या करंगळीचं टोक आत शिरलं. कोळशाचा वायू तिथूनच वर आला.

गल्लीत सगळे आता खालचे, गरम धूर खेळवणारे जुने दगड काढून गरम पाण्याच्या नळ्या टाकतात आणि वर कोबा घालतात. कोळसा घराबाहेर बॉयलरमध्ये जळतो, आत नुसतं पाणी फिरतं. त्यातल्या कितीतरी घरांचा कोबा तुमच्याच हातचा. तुमचं घर तेवढं राहिलं. ग्वाक काका सध्या मोकळे आहेत. थंडी यायच्या आत त्यांना बोलावू का? तुम्ही हो म्हणा, बाकी मी बघते.

बोक्सुन


सौदी, ९ सप्टेंबर

बोक्सुन,

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. आईला आता कोपऱ्यात झोपवू नकोस, दाराजवळ झोपव. भेगेवर कणकेची खळ लावून जाड कागद डकव, वाळला की दुसरा डकव. पावसाळी, कोंदट दिवशी वडी पेटवायची नाही. झोपताना दार बोटभर उघडं ठेव.

पण ग्वाक नको. ग्वाकने घातलेल्या कोब्यावर गोटी ठेवली तर ती आपली आपण शेजारच्या घरी जाते. माझ्या घरात ग्वाकची थापी फिरली असं कळलं तर जेचनमधले गवंडी माझ्या तोंडावर हसतील. आणि ते राहू दे. तुझ्या वडिलांना मी शब्द दिला होता. म्हातारा आज नाही, म्हणून शब्द माझा आणखीच पक्का झाला.

मार्चमध्ये कंत्राट संपतं. आलो की पिशवी खाली ठेवीन आणि फावडं उचलीन. एक हिवाळा काढ.

इथे जमीन गरम करायला नळ्या लागत नाहीत. अनवाणी बाहेर गेलं की माणूस नाचतो. इथला इंजिनियर रोज माझ्या कोब्यावर पाणसळ ठेवतो, बुडबुडा मधोमध दिसला की नुसती मान हलवतो आणि पुढे जातो. तो दुसऱ्या कुणाच्या कामाकडे बघून मान हलवत नाही. हे आईला सांग. आणि वाडगा ठेवू नको म्हणावं, मी इथे भरपूर जेवतो.

मानसक


जेचन, २७ सप्टेंबर

मीरानच्या बाबांना,

कागद डकवला. त्यावर दुसरा डकवला. खालच्या जुन्या थरांत तुम्ही डकवलेला एक कागद निघाला, त्यावर तुमच्या अंगठ्याचा ठसा आहे. तो मी काढला नाही.

दार बोटभर उघडं ठेवते. आई बंद करतात. मी उघडते. त्या म्हणतात, "मेले तर निदान गरम मरेन. सूनबाई, तुला सासूला थंडीने मारायची आहे का?" दाराजवळ झोपायलाही त्या तयार नाहीत. "मी कोपरा सोडला तर मानसकचा वाडगा कोण सांभाळणार? तू?" असं विचारतात. तुमचा निरोप सांगितला, की तुम्ही भरपूर जेवता. त्या म्हणाल्या, "तिथे जेवतो तो वेगळा, इथला वेगळा."

सकाळी जाग आली की मी आधी दोघींना हाक मारते. मीरान चिडते, "आई, आज रविवार आहे ना!" तिचा तो चिडका आवाज ऐकला की मग माझ्या हातापायांत जीव येतो. असं किती सकाळी करायचं?

तुमचा शब्द मला मोठा आहे. पण तो शब्द मला दिला होता ना? माझ्या वडिलांना नव्हे, मला. मग मी तो माफ केला असं समजा. ग्वाक काकांच्या कोब्यावरून गोटी शेजारी गेली तर मी जाऊन आणीन.

बोक्सुन


जेचन, १६ ऑक्टोबर

मीरानच्या बाबांना,

तुमचं पत्र नाही. टपालवाला गल्लीत आला की दान्यांगवाली ओरडते, "बोक्सुन, तुझा नवरा आला!" आणि तो मान हलवून पुढे जातो. मी जास्त बोलले का? शब्द माफ केला असं लिहिलं ते मनाला लागलं का? लागलं असेल तर तसं लिहा. रागाचं का होईना, पत्र पाठवा.

पानांवर दव गोठायला लागलंय. मी कालपासून वडी पेटवू लागले आहे. पेटवते, आणि मग घरात फिरत राहते. एका जागी बसवत नाही.

बोक्सुन


सौदी, २४ ऑक्टोबर

बोक्सुन,

अक्षराकडे बघू नकोस. खोक्यावर कागद ठेवून लिहितो आहे आणि खोकं डुगडुगतं.

ग्वाकला बोलाव. आजच बोलाव.

मला आता आतलं काम दिलं आहे. गोदामात बसायचं, हत्यारं द्यायची, परत घ्यायची. सावली आहे, पंखा आहे. बढतीच समज. कंत्राट एक वर्ष वाढवून घ्यावं म्हणतो. मार्चची वाट बघू नका.

आता नीट वाच. दगड काढले की खड्डा मुरूम आणि खडीने भरून ठोकून घ्यायचा. नळ्या वीतभर अंतराने टाकायच्या, पण आईच्या कोपऱ्यात चार बोटांवर आणायच्या आणि बॉयलरचं पाणी आधी तिथूनच शिरू द्यायचं. म्हणजे तिला तिचा कोपरा मिळेल. कोबा घालायच्या आधी नळ्यांत पाणी भरून ठेव आणि सगळे सांधे हाताने चाचप. एक थेंब जरी लागला तरी थांब. नळ्यांवर पाय द्यायचा नाही, फळ्या टाकून चालायचं.

वाळू चाळूनच. सिमेंट एक घमेलं, वाळू तीन. पाणी हळूहळू. माल डाव्या मुठीत घेऊन दाबायचा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि तळवा नुसता ओलसर झाला तर माल जमला. बोटांतून पाणी निघालं तर ग्वाक आळस करतो आहे. पातळ माल पसरायला सोपा, म्हणून सगळे पाणी ओततात, आणि मग भेगांना शिव्या देतात.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कोबा त्याच्या गतीने मुरू दे. वर ओलं गोणपाट ठेव. महिनाभर बॉयलर पेटवायचा नाही. आई काहीही म्हणाली तरी नाही.

मानसक


जेचन, १५ नोव्हेंबर

मीरानच्या बाबांना,

मागून मागून परवानगी मिळाली आणि पत्र हातात घेऊन मी रडले. का ते मलाही कळलं नाही. दान्यांगवाली म्हणाली, "हो म्हणाला तरी रडतेस, नाही म्हणाला तरी रडतेस, त्या बिचाऱ्याने लिहावं तरी काय?" मी तिला सांगू शकले नाही की हे पत्र तुमच्यासारखं नाही. ग्वाक काकांची एकही टिंगल नाही. गोटी नाही. "माझ्या हातची" नाही. आणि "मार्चची वाट बघू नका" हे इतक्या सहज, नळ्यांच्या आधी, एका ओळीत. पंख्याखाली बसलं की घर इतकं लांब जातं का?

रागावले आहे, हे लपवत नाही. पण कोबा झाला. ते सांगते.

दगड काढले तेव्हा आई अंगणात पाठ करून बसल्या होत्या. खाली इतक्या वर्षांची काजळी होती. ग्वाक काकांनी आईंना समजावलं, "वहिनी, आता सगळी खोली सारखी गरम होणार!" आई उठूनच आल्या. "सारखी? मग मोठ्यांचा गरम कोपरा कुठला, आणि घरात मोठं कोण ते कळणार कसं? पाहुणा आला तर त्याला कुठे बसवू, कपाटात?" मग मी तुमचं पत्र वाचून दाखवलं, चार बोटांचं. त्या खोलीत गेल्या आणि कोपऱ्यातल्या प्रत्येक दोन नळ्यांमध्ये आपली चार बोटं घालून पाहत आल्या. एका जागी काकांकडून पाच बोटांचं अंतर राहिलं होतं. ते त्यांना पुन्हा करायला लावलं.

माल अंगणात कालवला. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे डाव्या मुठीत घेऊन दाबत होते. काका फावड्यावर रेलून बघत राहिले. "हे काय? डाव्या का?" मी म्हटलं, "ह्यांनी लिहिलंय." ते म्हणाले, "इतकी वर्षं मी आणि मानसक एका घमेल्यात हात घालतोय. माल काय उजवं-डावं बघतो? सौदीला जाऊन नवीन शास्त्र शिकला वाटतं." हसले. मी मात्र डावीच मूठ वापरली. तुम्ही लिहिलंय तर त्याला काही कारण असणारच.

पट्टी ओढून सपाट करेपर्यंत काकांनी केलं. घोटायची वेळ आली तेव्हा त्यांचे गुडघे धरले. फळीवर बसलेला माणूस उठेना. दान्यांगवालीने आणि मी काखेत हात घालून बाहेर काढला. कोबा तर थांबत नाही. मी तुमची जुनी थापी काढली, बाह्या दुमडल्या आणि आत गेले. काका दारातून ओरडत होते, "दाबू नकोस! थापीची पुढची कड उचल! मागे सरक, मागे, अगं, स्वतःला कोपऱ्यात कोंडून घेशील!" मी मागे मागे सरकत दारापर्यंत आले. शेवटी उभी राहून पाहिलं तर खिडकीचा उजेड जमिनीवर पडला होता आणि मोडला नव्हता. मला तुमची आठवण आली. राग होताच, तरी आली.

आम्ही सध्या दान्यांगवालीच्या मागच्या खोलीत झोपतो. सकाळी हाका मारायची गरज नाही. तरी मारते.

बोक्सुन


सौदी, ४ डिसेंबर

बोक्सुन,

बढती डोक्यात गेलेली नाही. डोक्यात जाण्यासारखी ती नाहीच.

डाव्या मुठीचं ग्वाकला काय कळतं? उजव्या हातात फावडं असतं, म्हणून डावी. इतकंच.

तू घोटलंस. हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. पाणसळ ठेवून पाहिलीस का? शेवटच्या घोटाला थापीचा आवाज बदलतो. आधी ओला फसफस असतो, मग कागदावर नख फिरवल्यासारखा. तो आवाज आला की हात उचलायचा, मग एकदाही जास्त फिरवायचा नाही. तुला तो आला का? कसा आला ते लिही. सगळं लिही.

गोणपाट ओलं आहे ना? बॉयलर पेटवला नाहीस ना?

आता घर झालं. मला यायची घाई करण्यासारखं काही राहिलं नाही. तुम्ही गरम राहा.

मानसक


जेचन, २० डिसेंबर

मीरानच्या बाबांना,

हो, तो आवाज आला होता. कागदावर नख फिरवल्यासारखा. मी घाबरून हात उचलला, वाटलं काहीतरी बिघडलं. म्हणजे बरोबर वेळेला उचलला.

पण बॉयलर पेटला. मी नाही, आईंनी पेटवला. महिना भरायच्या आतच थंडी एकदम उतरली, मी बाजारात गेले होते. परत आले तर अंगणात धूर आणि आई आत गोणपाटावर मांडी घालून बसलेल्या. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "ज्या घराची जमीन थंड, त्या घरात माणूस मेलंय असं लोक समजतात. माझा मुलगा जिवंत आहे." संध्याकाळपर्यंत त्यांच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत भेग गेली. नळ्या जवळजवळ, तिथेच सगळ्यात जास्त तापलं. ग्वाक काकांनी पाहिलं, पाठ खाजवली आणि म्हणाले, "वरवरची आहे. वायू कुठून येणार, खाली आता पाणी आहे. खरवडून भर. घोटलंस तूच, तर भर तूच."

भरली. पण या वेळी माल उघड्या हाताने इतका वेळ दाबला की सिमेंटने उजव्या हाताची बोटं खाल्ली. कातडी सोलली. दान्यांगवालीने मलम लावून फडकं बांधलं. तरी तुम्हाला पत्र लिहायचं होतं, भेगेचं सांगायचं होतं, आणि मनात ठेवलं तर मला चैन पडत नाही. म्हणून डाव्या हाताने लिहायला बसले. ओळी चढत जाऊन कडेला पडायच्या. अर्धं पान झालं असेल. आई मागून आल्या. तुम्हाला माहीत आहे, त्यांना अक्षर वाचता येत नाही, त्या नुसत्या आकार बघतात. वाकून बघितलं आणि म्हणाल्या,

"मानसकचं पत्र कधी आलं? मला सांगितलं नाहीस."

मी म्हटलं, "आई, हे मी लिहितेय."

त्या हसल्या. "मला फसवतेस. त्याची हल्लीची पत्रं मी ओळखते. अशीच पडतात."

मी उठून तुमची शेवटची दोन्ही पत्रं आणली आणि माझ्या पानाशेजारी ठेवली. खोकं डुगडुगलं की अक्षर हलतं, मीरानच्या बाबा. असं एका बाजूला पडत नाही. आणि फावडं चालवायला दोन हात लागतात, हे मलासुद्धा माहीत आहे. मी ते पान तसंच पाहत बसले आणि तुमचं एकेक वाक्य परत येत गेलं. डाव्या मुठीत घेऊन दाब. आतलं काम. मार्चची वाट बघू नका. सगळं लिही.

आई माझ्या फडकं बांधलेल्या हाताकडे बघत होत्या. मग पत्राकडे. मग पुन्हा हाताकडे. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी परतलो आणि मी जेवणाचं ताट आवरत होते. त्यांनी रोजच्यासारखा तुमचा वाडगा कोपऱ्यात गोधडीखाली ठेवला. शेजारी चमचा ठेवला. डावीकडे. लहानपणी तुम्ही डाव्या हातात चमचा धरला तर याच बाईने तुमच्या हातावर फटका मारलेला, हे तुम्हीच मला सांगितलं होतं.

किती गेलं ते मला माहीत नाही. बोटं, की हात, की नुसतं मनगट. माल कालवायच्या यंत्रात, की आणखी कशात. लिहाल तेव्हा लिहा. मी दाराआडून आधी तोच हात पाहिला होता, त्यामुळे विचारायचा हक्क माझा आहे, पण घाई नाही. घाई दुसऱ्या गोष्टीची आहे.

हे पत्र आता उजव्या हाताने लिहिते आहे. बोटं ओढतात, पण चालतं. थापीही चालते. काल आणून बघितली.

दान्यांगवालीच्या घरचे दगड मार्चमध्ये निघणार. तिने काम तुम्हाला सांगितलंय. मी हो म्हटलं. तुम्हाला न विचारता, तुमचं नाव घेऊन. ती म्हणाली, "तो तर सौदीला ना?" मी म्हटलं, "येईल. आणि घोटीन मी." तिने माझी सोललेली बोटं बघितली. मग म्हणाली, "भांडणं झाली तर माझ्या घरात करू नका, नवीन कोबा असेल."

माझा कोबा बरा आहे, पण तुमच्यासारखा नाही. पाणसळ ठेवली होती. बुडबुडा दाराकडे जातो. किती पाणी घालायचं, कुठे थांबायचं, कुठला आवाज खरा, हे तुमच्याजवळ आहे. माझ्याजवळ हात आहे. तुम्ही म्हणाला होतात, गरम जमीन देईन, माझ्या हातची. ते वाक्य मी माफ केलं असं लिहिलं होतं. ते मागे घेते.

कंत्राट वाढवू नका. मार्चमध्ये या. दान्यांगवालीच्या उंबऱ्यावर बसा, गल्लीतले बघतील तर बघू देत, हात खिशात ठेवावासा वाटला तर ठेवा, माल डाव्या मुठीत घ्या, आणि मी चुकले की शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने माझ्यावर ओरडा. बायको घोटते आहे आणि नवरा दारात बसला आहे, हे तुम्हाला कधीच मान्य होणार नाही. नाहीच म्हणाल. मला ते पत्र आत्ताच वाचता येतंय, कडेला पडणाऱ्या ओळींसकट. तरी विचारते.

याल का?

बोक्सुन